नंद्यास, एडिनबर्गहून

प्रिय नंद्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तुझे तीन मिसकॉल, तो "जिवंत आहेस का" वाला मेसेज आणि दसऱ्याचं सोनं, सगळं फोनमध्ये तसंच पडलंय. मी बघितलं, निळ्या टिका तुला दिसल्या असतीलच, पण लिहायला बसलो की हात थांबायचा. का ते पुढे येईल. तब्येत ठीक. मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये पनवेलला झालं, डोळा उत्तम, बीपीची गोळी चालू. सुलू मजेत. संपलं.

आम्ही दोघं सध्या मनूकडे एडिनबर्गला आहोत, दिवाळी करूनच येणार. थंडी अशी की मी घरात कानटोपी घालून बसतो आणि जावई टी-शर्टवर फिरतो. तर येत्या शनिवारी ही पोरगी आम्हाला रॉसलिन चॅपल, म्हणजे एक जुनं छोटं चर्च, बघायला नेतेय. तिकिटं काढून झालीत, अकराचा स्लॉट आहे, सगळं तिने माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकलंय, रोज सकाळी टुण्ण वाजतं. आणि नंद्या, मला तिथे जायचं नाहीये. सुलूला सांगितलं तर म्हणेल गुडघ्याला बाम लावा आणि चला. म्हणून तुला सांगतोय.

शहरापासून दक्षिणेला 11 किलोमीटरवर रॉसलिन नावाचं गाव आहे, 37 नंबरची बस जाते. मनू म्हणाली, बाबा तुम्ही मूर्तिकार, तिथलं दगडाचं काम बघून वेडे व्हाल. मी म्हटलं आम्ही व्हीटी बघितलंय. आठवतं ना? गिरगावच्या मूर्ती उतरवून परत निघायचं, टेम्पोवाला बोंबलतोय आणि तू व्हीटीसमोर मान वर करून माकडं नि मोर शोधतोयस. ते काम जेजे आर्ट स्कूलच्या पोरांनी केलंय हे तूच मला सांगितलेलंस, आणि मग पेणपर्यंत डोकं खाल्लंस की आपण पण जेजेला जाऊ. कारखान्यात अण्णांनी ऐकलं असतं तर दोघांना माती मळायला बसवलं असतं वर्षभर. व्हीटी 1888 चं, म्हणजे जुन्या युरोपी गॉथिक शैलीच्या वळणावर मागाहून बांधलेलं. हे चॅपल त्या जुन्यांतलंच, 1446 ला सुरू झालेलं.

आकाराने म्हणशील तर फार मोठं नाही. 69 फूट लांब, 35 रुंद, 44 उंच. आपल्यासारख्या माणसाला जागा अशीच कळते, किती मूर्ती मावतील त्यावरून, तर माळे घातले तर हजारभर सहज. विल्यम सिंक्लेअर नावाच्या सरदाराने काढलं. त्याला खरं तर क्रॉसच्या आकाराचं मोठं चर्च बांधायचं होतं, पण 1484 मध्ये तो गेला, पोराने छप्पर पुरं केलं आणि पुढचं काम बंद. पेणमध्ये असे कारखाने मी बोटांवर मोजून दाखवतो, नावं घेत नाही, एक तर तुझ्या सासुरवाडीतला आहे.

पण जेवढं बांधलं तेवढ्यात एक वीत जागा मोकळी सोडली नाही रे. मनूने लॅपटॉपवर फोटो दाखवले. छताचे पाच पट्टे, त्यांत दगडातच फुलं, गुलाब, चांदण्या. एक देवदूत चक्क तो इथला पिशवीचा बाजा, बॅगपाइप, वाजवतोय. तोंडातून वेली निघालेले चेहरे शंभराहून जास्त आहेत, आपल्या देवळांतल्या कीर्तिमुखाचा लांबचा चुलता म्हण. एका कमानीवरच्या कणसांना लोक मक्याची कणसं म्हणतात, कोलंबस अमेरिकेला जायच्या आधी इथे मका कुठून आला यावर भांडणं चालतात. जाणकार म्हणतात गहू वगैरे असेल. मी झूम करून बघितलं, मला तो कारागिराच्या हाताचा सराव वाटला, एकदा ठोकायला लागलं की काय ठोकतोय याकडे लक्ष राहत नाही. डॉली मेंढीपण ह्याच रॉसलिनची, 1996 ची. म्हणजे बघ, गावात साच्यातून काढलेली मेंढी आणि पलीकडे एकासारखं दुसरं नसलेलं चॅपल. जावयाला हा जोक सांगितला, तो हसला नाही, क्लोन म्हणजे साचा नव्हे हे त्याने मला वीस मिनिटं समजावलं.

आणखी एक तुला आवडेल असं. 1950 च्या दशकात कुणा शहाण्यांनी दगड टिकावा म्हणून आतून सिमेंटसारखा लेप मारला. झालं काय, ओल आतच कोंडली, दगड कुजायला लागला. मग 1997 मध्ये अख्ख्या इमारतीवर लोखंडी मांडव घातला आणि तो तेराएक वर्षं तसाच ठेवला, फक्त वाळवायला! मूर्ती ओली असताना रंग मारू नका, पापुद्रा सुटेल, हे अण्णा आपल्याला कान पिरगाळून सांगायचे ते ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो, किती वेळ टाळतोय.

त्या चॅपलमध्ये पूर्वेच्या बाजूला एक खांब आहे, त्याला शिकाऊ पोराचा खांब म्हणतात. बाकीचे खांब सरळ, ह्याला मात्र खालून वरपर्यंत पीळ घालत वेली गेल्यात, आणि बुडाशी आठ ड्रॅगन, त्यांच्या तोंडातून त्या वेली निघतात. गोष्ट अशी सांगतात की मुख्य पाथरवटाला ह्या खांबाचा नमुना मिळाला, त्याला वाटलं हे मूळ काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपल्याच्याने होणार नाही, म्हणून तो रोमला गेला. इकडे शिकाऊ पोराला स्वप्नात पुरा झालेला खांब दिसला आणि त्याने तो करून टाकला. मास्तर परत आला, खांब बघितला, आणि हातोडा उचलून पोराच्या डोक्यात घातला. पोरगा जागच्या जागी गेला. पश्चिमेकडे वर एक डोकं कोरलंय, कपाळावर जखम असलेलं, ते त्या पोराचं. एक रडणारी बाई, ती त्याची आई. आणि एक मास्तरचं, कायम त्या खांबाकडे बघत राहिलेलं, तीच त्याची शिक्षा.

हे मनू मला उत्साहाने वाचून दाखवत होती, चहा घेत घेत. मी कप ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन बसलो.

बारक्या काम सोडून गेला, नंद्या. तुला कोणी सांगितलं असेल तर नीट सांगितलं नसेल, पेणमध्ये सगळे म्हणतात त्याला हमरापूरला जास्त पैसे मिळाले. तसं नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरने महिनाभर रंगाला, धुळीला, स्प्रेला हात लावू नका म्हणून सांगितलेलं. ऐन सीझन. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी कोण करणार? अकरा वर्षं पोरगा माझ्याकडे आहे, शाडू मळण्यापासून सगळं केलंय, फक्त डोळे मी कधी दिले नव्हते. अण्णांनी आपल्याला दिले नाहीत तसेच. नाइलाज म्हणून दिले. मी काळा गॉगल लावून खुर्चीत बसायचो आणि तो आखायचा. पहिल्या पन्नासात हात कापत होता. नंतर मला कळायचंच बंद झालं की हे त्याचे की माझे. आणि मग जुलैअखेर कळायला लागलं, नंद्या, की हे त्याचे, कारण माझे असे कधी आलेच नाहीत.

दादरचे ते आपले जुने गिऱ्हाईक, वडिलांपासून मूर्ती नेतात ते, आले, मूर्तीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, सुरेशराव, यंदा डोळे काय आखलेत हो, कुठूनही बघा, आपल्याकडेच बघतोय. बारक्या मागे उभा होता. मी हसलो. "मोतीबिंदू काढला ना" म्हणालो. म्हणालो मी असं! ते गेले. बारक्या काही बोलला नाही, पुढची मूर्ती ओढून कामाला लागला, आणि त्याच्या त्या न बोलण्यानेच माझं डोकं सटकलं. मी उठलो आणि म्हटलं, डावा डोळा खाली उतरलाय, पूस.

हे वाक्य कुणाचं, तुला सांगायला नको.

त्याने दोरा आणला, बाहेरच्या कोपऱ्यापासून किरीटाच्या कडेपर्यंत धरला, इकडून आणि तिकडून, आणि म्हणाला, काका सेम आहेत. उद्धटपणे नाही रे, सांगितल्यासारखं. मी हातातला पांढऱ्या रंगाचा डबा मूर्तीच्या तोंडावर फेकला. शाडूची, साडेतीन फुटी, वीस-बावीस दिवसांची मेहनत, सोंडेवरून रंग ओघळत होता. कारखान्यात पंधरा माणसं होती. बारक्याने ब्रश धुतला, फळीवर ठेवला, चप्पल घातली. तेव्हापासून आला नाही. मी सुलूला सांगितलं त्याच्या घरी कोणीतरी आजारी आहे. गणपतीला वीस दिवस, उरलेले डोळे मी आखले, नव्या डोळ्याने. सगळ्यांचे सारखे आले. चांगले आले. कुणी काही बोललं नाही.

आता तू म्हणशील अण्णा. चाळीस वर्षं तू म्हणतोयस. 1986 ला अण्णा पंढरपूरला गेले, तू मंडळाच्या त्या मूर्तीचे डोळे आखलेस, अण्णांनी परत येऊन ओल्या फडक्याने पुसले, डावा खाली आहे म्हणाले. तू म्हणायचास नव्हता. मी म्हणायचो होता, थोडासा होता. तुझ्या लग्नात भांडलो आपण ह्यावरून, मांडवात, वहिनी हार घेऊन उभ्या. नंद्या, नव्हता. मी त्या रात्री पणती धरून बघितला होता, अण्णा यायच्या आधी. मला तेव्हाच काय वाटलं होतं ते लिहीत नाही, तू ओळखतोस मला. तू पेण सोडून शाळेत ड्रॉइंग मास्तर झालास त्याला मी जबाबदार असं मी म्हणणार नाही, तू तसाही आळशी होतास. पण नव्हता खाली.

मनू म्हणते ती खांबाची गोष्ट खरी नसावी, 1778 च्या एका पुस्तिकेत तर त्याला राजपुत्राचा खांब म्हटलंय. बरं वाटलं, पाच मिनिटं. मग तिने दुसरं वाचलं, आणि हे 1700 च्या आसपास एका पाद्र्याने लिहून ठेवलंय: सरदाराने आधी नक्षी लाकडी फळ्यांवर काढून घेतली, सुतारांकडून कोरून घेतली आणि ते नमुने पाथरवटांना दिले, ह्याबरहुकूम दगडात करा म्हणून. आपली मॉडेल-साचा पद्धतच की. आणि मुख्य पाथरवटाला वर्षाला 40 पौंड, बाकीच्यांना 10. मी लगेच बारक्याचा हिशोब केला. आमच्यात चारास एक नाही रे, आठास एक आहे. आणि त्याचे यंदाचे पैसे अजून माझ्या कपाटात, पाकिटावर नाव घालून. न्यायला आला नाही. मी पाठवले नाहीत. पाठवले तर हिशोब मिटला असं होईल, ठेवले तर मी चोर.

त्याच खांबाशी वरच्या आडव्या दगडावर लॅटिनमध्ये कोरलंय म्हणे: दारू बलवान, राजा तिच्याहून बलवान, बायका त्याहून बलवान, पण सत्य सगळ्यांना जिंकतं. पहिल्या तिन्हींबद्दल माझी खात्री आहे. चौथ्याला चाळीस वर्षं लागली, तेसुद्धा बसभाडं भरून.

वहिनींची शुगर कशी आहे? अथर्वचं पुण्याचं घर झालं का, पझेशन पुढे गेलं म्हणालेलास. तुझी ती मणक्याची ट्रॅक्शन थांबव, बोरकरला दाखव. आणि रिटायरमेंटचा सत्कार झाला त्याचे फोटो बघितले, शाल तुला शोभत नाही पण नारळ चांगला होता.

आता काम. बारक्या माझा फोन उचलत नाही. तुझा उचलेल, तुला तो सर म्हणतो. त्याला तू काही समजावू नकोस, तू समजावायला लागलास की माणूस दुसऱ्या जिल्ह्यात जातो. फक्त विचार की दिवाळीनंतर मी हमरापूरला आलो तर भेटेल का. नाही म्हणाला तर मला तसंच सांग, गोड करून सांगू नकोस. आणि दोरा बरोबर होता हे मला त्याला स्वतः सांगायचंय, तू सांगू नकोस.

शनिवारी जाईन मी. मनूने एक वही आणि पेन्सिल आणून ठेवलीये, बाबा स्केच करा म्हणून. खांब काढेनच. ते मास्तरचं डोकं वर आहे, नवीन डोळ्याला तेवढं दिसतं का बघतो.

तुझा,
सुऱ्या

ता.क. 1986 ची पैज पन्नास रुपयांची होती. व्याज मागू नकोस. इथला चहाचा डबा आणतोय, त्यात वळते कर.