जागरणाच्या गोळ्यांनी अभ्यास होत नाही

महोदय,

परीक्षा जवळ आली की काही महाविद्यालयीन मुले मिथाइलफेनिडेट, अ‍ॅम्फेटामाइन अशा गोळ्या मित्रांकडून मागून घेतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराच्या रुग्णांना डॉक्टर ही औषधे तपासून, मात्रा ठरवून देतात. निरोगी मुलाची त्यांनी झोप उडते, हुरूप येतो. पण हुरूप म्हणजे आकलन नव्हे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशी औषधे घेतलेल्या निरोगी व्यक्तींनी अवघड गणिती कोड्यांवर धडपड जास्त केली, उत्तरांचा दर्जा मात्र घसरला. शिवाय वाचलेले पक्के होते ते झोपेत, आणि नेमकी तीच जाते! नाडी, रक्तदाब वाढतो तो वेगळाच. हृदयविकार लपलेला असेल तर जिवावर बेतू शकते. महाविद्यालयांनी परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारीच समुपदेशकाची वेळ लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक प्राध्यापिका