सही कोणाची ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला एआय गव्हर्नन्सवरचा, म्हणजे संस्थांनी एआय वापरताना जबाबदारी कोणाची आणि देखरेख कशी ठेवायची यावरचा, पानभर लेख वाचला. लेखक मोठे सल्लागार आहेत असं खाली लिहिलंय, असतीलच. अकाउंटेबिलिटी, ट्रान्सपरन्सी, रिस्क कमिटी सगळं व्यवस्थित मांडलंय, चौकटी काढल्यात, बाण काढलेत, वर बोर्ड, त्याखाली कमिटी, त्याखाली रिस्क ऑफिसर, मग डेटावाले, मग व्हेंडर. फक्त ज्याच्यावर हे सगळं चालवायचं तो ग्राहक कुठल्या चौकटीत बसतो ते काही मला सापडलं नाही. मार्जिनमध्ये असेल बहुतेक.

पण खरं डोकं फिरलं ते शेवटी. म्हणे शेवटचा निर्णय माणसाच्याच हातात असतो, 'ह्यूमन इन द लूप' असतो, त्यामुळे ग्राहकांनी घाबरायचं कारण नाही. कोणत्या माणसाच्या हातात हो? नाव-पत्ता द्या, मी आमच्या वहिनींना रिक्षात घालून थेट त्याच्याकडे नेतो.

वहिनी सत्तरीच्या पुढच्या, दादा गेल्यापासून फॅमिली पेन्शनवर. गावाकडची दोन-चार गुंठ्यांची जागा विकली, रीतसर खरेदीखत झालं, पैसे खात्यात आले आणि पाठोपाठ खातं फ्रीज. पेन्शनही त्यातच अडकली. ब्रँचमध्ये गेलो तर तिथला ऑफिसर पोरगा सज्जन होता, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला काका, सिस्टीमने फ्लॅग केलंय, म्यूल अकाउंटसारखा पॅटर्न दिसतोय. म्यूल म्हणजे सायबर चोर ज्यातून पैसे फिरवतात तसलं भाड्याचं खातं. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे मी चोर का रे?" मी काय सांगणार. म्हातारीच्या खात्यात कधी नव्हे ते चार पैसे आले हाच पॅटर्न!

खरेदीखत दाखवलं, इंडेक्स टू दाखवलं, पॅन, आधार, सगळं. पोराने नीट वाचलं आणि म्हणाला मला पटतंय काका, पण माझ्या लॉगिनला हे उघडतच नाही, वरून होतं. वर म्हणजे कुठे, तर रिजनल ऑफिस. तिथे म्हणाले ब्रँचचा रिपोर्ट यायला हवा. ब्रँच म्हणते रिपोर्ट कधीच पाठवलाय. हेल्पलाइनवर आधी तो बॉट, त्याला फ्रीज म्हटलं की तो कार्ड ब्लॉक करायचंय का विचारतो आणि शेवटी आणखी काही मदत हवी आहे का, हे न चुकता. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा असं सांगणारे पुष्कळ भेटले, पण त्यासाठी आधी बँकेकडे लेखी तक्रार, मग उत्तर आलं नाही तर ३० दिवस वाट बघायची, तोवर वहिनींनी औषधं कशावर आणायची ते कोणी सांगत नाही. मी आणली म्हणून ठीक. आणि मग एक दिवस खातं आपोआप सुरू झालं. का बंद झालं त्याचं पत्र नाही, का सुरू झालं त्याचंही नाही. सॉरी तर सोडाच.

आता बघा, फ्रॉड पकडायला यंत्र नको असं मी म्हणत नाही. डिजिटल अरेस्टच्या नावाखाली लोकांची आयुष्यभराची पुंजी जाते, ते पैसे अशाच भाड्याच्या खात्यांतून पाच मिनिटांत पांगतात, ते थांबवायला माणूस पुरणार नाही हे मलाही कळतं. थांबवा की. पण थांबवल्यावर कागद बघून उघडायचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरवायला नको?

मी स्वतः बँकेतच हयात घालवली, बरीच वर्षं क्लिअरिंगला. दोनशे रुपयांचा चेक जरी परत करायचा असला तरी रिटर्न मेमो जोडावा लागायचा, त्यावर कारण आणि खाली ऑफिसरची सही. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख जुनी, काय ते स्पष्ट. पार्टी भांडायला आली की मेमो पुढे करायची आणि ज्याची सही त्याच्याकडे बोट दाखवायचं. व्हाउचर एकाने बनवायचं, दुसऱ्याने तपासायचं, आणि दुसऱ्याला नाही म्हणायचा पूर्ण हक्क असायचा, त्याला आम्ही मेकर-चेकर म्हणायचो. कोणाला किती रकमेपर्यंत अधिकार ते कागदावर, त्याच्या बाहेर जाऊन काही केलं तर वर कळवायचं. जुने मॅनेजर काही देवमाणसं नव्हते, तोंड बघून कर्ज देणारे मी पाहिलेत आणि तोंड बघून नाकारणारेही, पण त्यांची सही असायची म्हणून इन्स्पेक्शनला सापडायचे तरी. हल्लीचा चेकर म्हणजे लाल दिवा लागला की मान डोलावणारा.

सल्लागार महोदयांनी युरोपच्या २०२४ च्या एआय कायद्याचे गोडवे गायलेत. मग त्यातला हा भाग का गाळला? धोकादायक वर्गातली सिस्टीम वापरणाऱ्या संस्थेने देखरेखीला जो माणूस नेमायचा त्याच्याकडे क्षमता हवी, ट्रेनिंग हवं आणि अधिकारही हवा असं तिथे लिहिलंय, आणि यंत्राने सांगितलं म्हणजे बरोबरच असणार या सवयीचं भान त्याला असायला हवं हेसुद्धा. कायदा तिकडचा आहे, वहिनींच्या खात्याला लागू नाही, ठाऊक आहे. पण तो पोरगा डोळ्यांसमोर आणा. क्षमता होती, कागद वाचता येत होते, फक्त अधिकार नव्हता.

आपल्याकडेही बँका-वित्तसंस्थांनी एआय कसं वापरावं यावरच्या रिझर्व्ह बँकेच्या समितीने (आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य अध्यक्ष होते) ऑगस्ट २०२५ मध्ये ७ सूत्रं आणि २६ शिफारशी दिल्यात. बोर्डाने मंजूर केलेलं एआय धोरण हवं, आपण कुठे कुठे एआय वापरतो त्याची यादी संस्थेकडे हवी, असं त्यात आहे. यादी! आमच्या ब्रँचला विचारलं की हे कुठलं सॉफ्टवेअर, कोणाचं, तर एकालाही सांगता येईना.

कॅनडातलं बरं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला घरी मृत्यू झाला असताना मिळणाऱ्या सवलतीची चुकीची माहिती दिली, तो दाद मागायला गेला तर कंपनीचा बचाव काय, तर चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार! फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या ट्रिब्युनलने सांगितलं की वेबसाइट तुमची, त्यावरचं सगळं तुमचं, आणि व्याज-फी धरून सुमारे ८१२ डॉलर द्यायला लावले. रक्कम किरकोळ, पण कोणाकडे बोट दाखवायचं ते एका निकालात मिटलं.

आणि सल्लागारांबद्दल म्हणाल तर डेलॉइटसारख्या कंपनीला ऑस्ट्रेलियन सरकारला फीचे काही पैसे परत द्यावे लागले, २०२५ मधलीच गोष्ट आहे, अहवालात जे संदर्भ दिले होते त्यातले काही अस्तित्वातच नव्हते. एआय वापरल्याचा उल्लेख नंतर दुरुस्त केलेल्या अहवालात आला. तेव्हा पानभर उपदेश छापताना आपणही जरा इकडे तिकडे बघावं ही विनंती.

विशेषतः त्या लेखाबरोबरच्या चित्राकडे. टेबलाभोवती बसलेल्या साहेबांपैकी डावीकडच्याला सहा बोटं आहेत आणि मागच्या फळ्यावरची अक्षरं मराठी नाहीत, हिंदी नाहीत, मोडीही नाहीत. चित्रकाराचं नाव नाही, यंत्राने काढलंय अशी तळटीप नाही. तुमच्याकडे पूर्वी चित्राखाली चित्रकाराचं नाव बारीक टायपात का होईना असायचं. पान छापायला जाण्याआधी कोणीतरी ते बघून ओके केलंच असेल ना? तो कोण तेवढं कळवा. उत्तर बॉटकडून नको.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली