गुलमर्ग सहल : मुलांना नेणाऱ्या सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

मुलांचे हातमोजे वॉटरप्रूफच घ्या. लोकरीचे दोनदा बर्फात पडलं की चिंब होतात, बोटं गारठतात आणि स्कीइंग राहतं बाजूला. स्की, बूट तिथे भाड्याने मिळतात. बुटात पायमोज्यांचा एकच जाड जोड घाला, दोन घातले की बूट चावतो.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी मुलांना नुसतं बर्फात खेळू द्या. शिकायचं ते खालच्या सौम्य उतारांवरच. वरच्या अफरवट शिखराचे उतार सराईतांचे. हौशी बाबांनी उगाच हट्ट धरू नये!

बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, घरटी एक तरी पोस्टपेड हवं. गॉगल, सनस्क्रीन विसरू नका.

मुलांच्या बुटांचे नंबर रविवारपर्यंत ग्रुपवर टाका.