राउटर घेताय? आधी सॉफ्टवेअर बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे कराड भागात हल्ली फर्निचरवाले, सुतार, बोर्ड बनवणारे सगळे सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं-कापायचं मशीन) घ्यायला लागलेत, चांगलंच आहे, पण घेताना जो तो स्पिंडल (बिट म्हणजे कापायचं पातं फिरवणारी मोटर) किती किलोवॅटचा आणि बेड, म्हणजे शीट ठेवायची जागा, आठ बाय चार फुटांचा आहे का एवढंच विचारतो, डिझाइन आणि कटिंगचं सॉफ्टवेअर कुठलं हे कुणी विचारतच नाही. मी पण विचारलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

विकणाऱ्याने लॅपटॉपवर आर्टकॅम या डिझाइन-कटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकटची कॉपी टाकली, दोन तासांत ट्रेनिंग उरकलं आणि गेला. आर्टकॅम ऑटोडेस्क कंपनीने २०१८ सालीच बंद केलंय (आता तेच कार्वेको नावाने विकत मिळतं) हे मला फार उशिरा कळलं. ऐन गणपतीच्या तोंडावर, मखरांच्या ऑर्डरी अंगावर असताना ती कॉपी उघडायचीच बंद झाली. फोन केला तर नवीन कॉपी पाठवतो म्हणाले, आठ दिवस काही आली नाही.

दुसरं दुखणं आपल्या अक्षरांचं. एका आजोबांच्या घरासाठी सागवानात 'श्री सिद्धिविनायक' कोरायचं होतं. सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप केलं तर वेलांटी भलत्याच अक्षरावर आणि 'द्ध' फुटून पाय मोडलेला द आणि शेजारी ध. ते कसंबसं दुसरीकडून आणून बसवलं, तर प्रत्येक दोन अक्षरांच्या मधे शिरोरेषेवर बिटने उभी चीर पाडली, कारण आपली अक्षरं रेषेवर एकमेकांवर चढलेली असतात आणि मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं. आजोबा काही बोलले नाहीत, नुसतं त्या चिरांवरून बोट फिरवत बसले. फळी मी नव्याने करून दिली, पण ते बोट अजून डोळ्यासमोर आहे.

उपाय सोपा आहे पण सांगत कुणी नाही. इंकस्केप हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात युनिकोड मराठी नीट उमटतं, मग अक्षरांचा पाथ (नुसत्या कडेच्या रेषा) करायचा, युनियन मारून सगळी अक्षरं एकजीव करायची आणि एसव्हीजी फाइल कटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची. तिथे माप एकदा तपासायचंच, मिलिमीटरची फाइल इंचात उघडली तर सगळं २५.४ पटीने चुकतं.

आता मी व्हीकार्व्ह वापरतो. ड्रॉइंग आणि टूलपाथ (बिटने कुठून कसं जायचं तो मार्ग) एकाच खिडकीत, आणि कापल्यावर लाकूड कसं दिसेल ते आधीच स्क्रीनवर दिसतं, त्यामुळे बिट खोल घुसणार असेल तर शीट वाया जायच्या आधी कळतं. पैसे एकदाच भरायचे, दरवर्षी नाही. फक्त त्याची डेस्कटॉप आवृत्ती २५ इंची कामापर्यंतच आहे, त्यापुढचं तुकड्यातुकड्याने कापावं लागतं, आठ बाय चारवाल्याने प्रो आवृत्तीच घ्यावी. आधी ट्रायल उतरवून हात बसतो का बघता येतं, पण आपल्या डिझाइनचा टूलपाथ त्यात सेव्ह होत नाही. फ्यूजन हे दुसरं सॉफ्टवेअर ताकदीचं आहे, पण त्याचं फुकटवालं धंद्यासाठी नाही आणि त्यात बिट हवेतून जातानाही कापायच्याच वेगाने हळू चालतं. फ्रीकॅड पूर्ण फुकट आहे, पण नवीन माणसाने त्यात पहिल्याच दिवशी पडू नये असं माझं मत.

आणि पोस्ट प्रोसेसर विसरू नका. म्हणजे एकच डिझाइन तुमच्या कंट्रोलरच्या (मशीन चालवणाऱ्या यंत्रणेच्या) बोलीत लिहून देणारी सोय. डीएसपी रिमोटवालं (हातातल्या रिमोटवर चालणारं) मशीन असेल तर त्याचा पोस्ट सॉफ्टवेअरच्या यादीत आहे का हे पैसे देण्याआधी बघा. डेमोला जाताना स्वतःचं नाव आणि एखादं जोडाक्षर घेऊन जा, आपल्यासमोर टाइप करायला लावा, कापायला लावा, मगच ॲडव्हान्स द्या.

आपल्या पेपरातून एक विनंती पोचवावी. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या पोरांना आणि आमच्यासारख्या जुन्या कारागिरांना हे सॉफ्टवेअर मराठीतून शिकवणारा महिनाभराचा संध्याकाळचा वर्ग सुरू करा, रास्त फी द्यायला आम्ही तयार आहोत.

आपला,
एक सुतार वाचक, कराड