खोडरबराच्या खुणा

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय वासंती,

दीड वर्षात तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, त्याबद्दल क्षमा कर. आईंचा गुडघा आता बरा आहे आणि माझा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. आज लिहिते आहे ते माझ्या लेकीसाठी, मुक्तासाठी, आणि तुझ्या श्रीदादासाठीही.

परवा तिचा गणिताच्या चाचणीचा पेपर घरी आला. २० पैकी १३ गुण. चौथीतली ही मुलगी १ ते १०० ची बेरीज दोन्ही टोकांच्या जोड्या लावून तोंडी करते, म्हणून मी तो पेपर स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली तिरपा धरून पाहिला. तीन गणितांखाली कागद खोडरबराने खरबरीत झाला होता आणि पेन्सिलीने लिहिलेली पहिली उत्तरे पुसट दिसत होती. तिन्ही बरोबर होती. ती खोडून तिने मुद्दाम चुकीची लिहिली होती. विचारले तेव्हा म्हणाली, "माझं आधी झालं की बाई सगळ्यांसमोर हाताची घडी घालून बसायला सांगतात. मग मुली मला खेळायला घेत नाहीत."

मी शाळेत जाऊन आले. वर्गात ५४ मुले आहेत आणि मागे पडलेल्यांना सांभाळण्यातच बाईंचा तास संपतो, हे मला दिसले. मुख्याध्यापिकांनी मात्र वयाप्रमाणेच वर्ग मिळेल असे सांगितले आणि प्रत्येक आईला आपले मूल हुशार वाटते, असेही ऐकवले. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा म्हणावी, तर ती सहावीला. नेरूळहून चार स्थानकांवर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, पण त्यांचा विज्ञान प्रतिभा उपक्रमही आठवीपासूनच. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून अशा मुलांसाठी झटते आहे, परंतु इथला संसार मोडून तिकडे जाणे आम्हाला शक्य नाही. शाळेतून काढून घरी शिकवावे, तर मुक्त विद्यालयातूनही दहावीला १४ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि ज्या मैत्रिणींसाठी तिने उत्तरे खोडली त्याच तुटतील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांचा उल्लेख आहे. आमच्या चौथीच्या वर्गात त्यातले काही आलेले नाही.

हे म्हणतात, "तिला चारचौघींसारखी राहू दे, नाहीतर डोक्यात हवा जाईल." ते वाक्य ऐकले आणि मला ठाण्याची तलावपाळी आठवली. श्रीदादा नववीत नापास झाला तेव्हा कठड्यावर बसून मी तुला अगदी हेच म्हटले होते, की तुमच्याच कौतुकाने त्याच्या डोक्यात हवा गेली. तू भेळ अर्धी टाकून उठलीस आणि सहा महिने बोलली नाहीस. (तुझी भेळ मी खाल्ली, हे तू अजून काढतेस!) तो वर्गात कंटाळून मरतो आहे, असे तू कळवळून सांगत होतीस आणि मी ऐकले नाही. वासंती, मी चुकले होते.

तुझे बाबा त्याला रविवारी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसवत आणि तिथे तो तासन् तास बोलत असे. मुक्तालाही असे कोणीतरी हवे आहे, ज्याच्यासमोर तिला काही खोडावे लागणार नाही. श्रीदादा रविवारी तिच्याशी फोनवर बोलेल का? त्याला थेट विचारण्याचे धैर्य मला होत नाही, म्हणून तूच विचार.

बढतीबद्दल अभिनंदन. नव्या घराचे फोटो पाहिले, गॅलरी सुरेख आहे.

तुझी,
सुलभा