बाबा, त्या गोळ्या मी घेतल्या होत्या

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

फोन केला की आई आधी 'जेवलास का?' विचारते आणि पुढचं सगळं घशातच राहतं. म्हणून लिहितोय.

बाबा, दिवाळीत तुमच्या गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी चार दिवसांत संपली होती. आई म्हणाली, "दोनदोनदा घेताय आणि विसरताय." तेव्हापासून गोळी घेतली की तुम्ही कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारता. तुम्ही विसरला नव्हता. पहाटे आई अंघोळीला गेली की फडताळातल्या डब्यातून त्या मी काढायचो. तुम्ही पहिली फुली मारलीत तेव्हा मी समोरच चहा पीत बसलो होतो. तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून जात नाही.

अपघातानंतर मांडीत रॉड टाकला, तेव्हा डॉक्टरांनी दुखणं थांबवायला ट्रामाडॉलच्या ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिल्या होत्या, दिवसाला दोन, दहा दिवसांपुरत्या. हाड कधीच जुळलं. पण गोळी घेतली की हप्त्यांची, कामाची धास्ती उतरायची, अंगात हुशारी यायची, म्हणून घेत राहिलो. आता दिवसाला आठ-दहा लागतात. वेळ चुकली की जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, घाम, आणि रात्रभर पाय असे वळवळतात की अंथरुणात पडवत नाही. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. तरी जुनीच चिठ्ठी दाखवत मी या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये फिरत होतो.

तुमच्या सुनेला माझ्या बॅगेत रिकाम्या पट्ट्या सापडल्या. ती ओरडली नाही. जमिनीवर बसून सगळ्या मोजल्या आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नंबर लावला. ते म्हणाले, हे अफूच्या जातीचंच औषध, शरीर त्याला सरावलंय. मनाने एकदम तोडू नका, इतक्या डोसवर फिटही येऊ शकते. आमच्या देखरेखीखाली उतरवू.

सोमवारी येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतोय. १९८६ साली पुलंच्या देणगीतून सुरू झालं, तेच. महिनाभराच्या वर राहावं लागेल, फोन रोज होणार नाही. आई, तू लगेच निघून येऊ नकोस. भेटायचा दिवस कळला की सांगतो, तेव्हा दोघं या. तुला बघितलं तर पहिल्या आठवड्यात मी घरी चल म्हणेन, आणि तू नेशील.

आत्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला मात्र आता खोटं बोलवत नाही.

डब्याला कुलूप लावा आणि मी घरी आलो तरी किल्ली कुठे असते ते मला कळू देऊ नका. आणि बाबा, त्या फुल्या मारणं बंद करा.

तुमचा,
धाकटा