गुलामांची जोडीही टाकावी

महोदय,

पोकर स्पर्धेत बबलवर, म्हणजे बक्षिसांपेक्षा एकच खेळाडू जास्त उरला असताना, फक्त चिप्सचा (खेळातल्या टोकनांचा) हिशेब पाहून कॉल करणे, म्हणजे समोरच्याइतकीच पैज लावणे, फार महागात पडते. 4 खेळाडू, सारख्या चिप्स, बक्षिसे 50, 30 आणि 20 टक्के धरा. प्रत्येकाचा बक्षिसांतला अपेक्षित वाटा 25 टक्के. ऑल-इनला (सगळ्या चिप्स लावणाऱ्या पैजेला) कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, वाटा मात्र 38.33च, हरलात तर शून्य. म्हणजे ब्लाइंड्स (डावाआधीच्या सक्तीच्या पैजा) हिशेबातून सोडल्या तर जिंकण्याची शक्यता 65 टक्क्यांहून जास्त हवी. गुलामांची जोडी एक्का-राजासमोर साधारण 55 टक्केच जिंकते, त्यामुळे जपून खेळणाऱ्याच्या ऑल-इनसमोर ती टाकावीच, म्हणजे कॉल न करता डाव सोडावा. सारख्या बक्षिसांच्या सॅटेलाइटमध्ये (मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळवून देणाऱ्या पात्रता स्पर्धेत) जागा जवळपास पक्की असेल तर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकावी. ती समोरची पाने कुठलीही असू शकतात असे धरले तर सरासरी साधारण 15 टक्के वेळा हरते, आणि जास्तीच्या चिप्सना तिथे किंमतच नसते.

– एक वाचक